सुकाणू जड जाते तेव्हा

आउटबोर्ड इंजिनाच्या बोटीत चालकापुढचे चाक आणि बोटीमागे लटकलेले इंजिन यांचा संबंध एका केबलने जोडलेला असतो. ही स्टिअरिंग केबल चालकाला दिसत नाही आणि प्रवाशाला ती असल्याचेही ठाऊक नसते. ती बदलण्याचे काम पुस्तकाप्रमाणे अर्ध्या दिवसाचे आहे. कोकणातल्या देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर त्याला एक आठवडा लागतो, कारण पुस्तक लिहिणाऱ्याने खारे पाणी, पावसाळा आणि मनुष्यस्वभाव या तीन गोष्टी हिशेबात धरलेल्या नसतात.

या केबलची रचना समजायला स्कूटरची क्लच वायर आठवावी. बाहेर एक आवरण आणि आत सरकणारी तार, ही बाउडन नावाच्या इंग्रज गृहस्थाने 1896 साली पेटंट घेतलेली युक्ती. पण क्लच वायर फक्त ओढते. परत जाण्याचे काम स्प्रिंग करते. दोरीने म्हैस ओढता येते, ढकलता येत नाही, त्यातलाच हा प्रकार. बोटीच्या केबलला मात्र दोन्ही करावे लागते. उजवीकडे वळताना ओढायचे, तर डावीकडे वळताना ढकलायचे. त्यासाठी तिचा गाभा जाड असतो आणि फिरत्या पद्धतीच्या स्टिअरिंगमध्ये त्यावर मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली असते. चाकामागच्या पेटीत, म्हणजे हेल्ममध्ये, एक दातेरी चक्र असते. त्याचे दाते या मळसूत्रात अडकतात आणि चाक फिरेल तसा गाभा पुढेमागे सरकतो.

केबलच्या मागच्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा एक सरळ दांडा असतो. इंजिन पाण्याबाहेर उचलताना ते ज्या आडव्या नळीभोवती कलते, त्याच नळीतून हा दांडा आरपार जातो. तिला टिल्ट ट्यूब म्हणतात आणि तिचे भोक साधारण 5/8 इंचाचे असते. नळीबाहेर आलेल्या दांड्याला एक छोटी जोडदांडी आणि ती जोडदांडी इंजिनाला. चालकाने तीन-चार फेरे देऊन चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेले, की हा दांडा जेमतेम 8-9 इंच सरकतो. सरकारी कचेरीतली फाइल ज्यांनी सरकताना पाहिली आहे, त्यांना हे प्रमाण उदार वाटेल.

सुरुवातीला ही भानगड नव्हती. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 साली मिलवॉकीत आपले आउटबोर्ड इंजिन विक्रीला आणले, तेव्हा ते दीड अश्वशक्तीचे होते आणि त्याला एक दांडी होती. दांडी हातात धरायची, हवी तिकडे वळवायची. मच्छीमारांच्या लहान होड्यांवर आजही हीच पद्धत आहे आणि केबल तुटलेल्या स्पीडबोटीकडे हे लोक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेत शंभर वर्षांचे शहाणपण असते. पुढे इंजिने मोठी झाली, चालकाला पुढे बसून मोटारीसारखे चाक फिरवण्याची हौस आली. आधी दोर आणि कप्प्या लावून काम भागवले गेले. दोर झिजला की त्याचे धागे सुटलेले दिसत. मग बंद आवरणाची केबल आली आणि झीज दिसेनाशी झाली. याला प्रगती म्हणतात.

केबलच्या आजाराचे मूळ बहुधा केबलमध्ये नसून त्या नळीत असते. दांडा आणि नळी यांच्यामध्ये केसभर फट असते आणि तिथे ग्रीस असावे अशी अपेक्षा असते. वर्षभर खारे पाणी उडून ग्रीस धुपते. जे उरते ते वाळून मालवणी खाज्यासारखे कडक होते. नळीला आतून गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि जागा तर केसभरच असते. परिणामी दांडा नळीत असा रुतून बसतो, की त्याला जणू सातबाऱ्यावर नाव लागले आहे.

कोकणात या रुतण्याला हंगाम असतो. मेअखेरीस जलक्रीडा थांबतात, 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते आणि बोटी वर ओढून झापांखाली किंवा ताडपत्रीखाली जातात. शेवटच्या दिवशी चाक ज्या बाजूला वळलेले असेल त्याच बाजूला ते राहते. दांडा नळीबाहेर आला असेल, तर तो तसाच पावसाळी हवा खात उभा असतो आणि त्याच्यावर क्षारांचा थर चढतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो, इंजिनाला हार पडतो, चाकाला हळदकुंकू लागते. नळीच्या टोकाशी असलेल्या ग्रीसच्या निपलला कुणी काही वाहत नाही.

मात्र केबल एका दिवसात कधीच जात नाही. ती आधी दोन-तीन हंगाम सूचना देत असते आणि त्या सूचना चालकाच्या दंडात साठत जातात. पहिल्या वर्षी चाक दोन बोटांनी फिरते. दुसऱ्या वर्षी एका हाताने, पुढे दोन हातांनी आणि शेवटी उभे राहून, एक पाय फळीला टेकवून. बदल इतका हळू होतो, की चालकाला तो जाणवत नाही. त्याचे दंड मात्र शर्टाच्या बाह्यांना जाणवतात. कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला पाण्याला ओढ असते, तेव्हा दोष ओहोटीला जातो. भरतीला तो भरतीला जातो. भरती-ओहोटीच्या मधल्या निवांत वेळी दोष उजवीकडे बसलेल्या वजनदार पर्यटकाला मिळतो. "स्टेरिंग जड येता रे," असे कुणी म्हटलेच, तर त्यावर ठरलेले उत्तर आहे: "होतला. पावसानंतर बघया."

या टप्प्यावर घरगुती उपचार सुरू होतात. केरोसीन, डिझेल, फवाऱ्याचे डबे आणि घरचे खोबरेल ही त्यांची चढती श्रेणी. फवारा नळीच्या तोंडाशी काही काळ गुण देतो. पण केबलच्या आवरणात पाणी शिरून गाभा गंजला असेल, तर बाहेरून ओतलेले काहीच तिथवर पोचत नाही. कारखान्यातून बंद होऊन आलेली केबल उघडून तेल घालण्यासाठी बनवलेलीच नसते. आवरणाला चीर पडली असेल, ते फुगले असेल किंवा त्यातून तांबूस पाणी झिरपत असेल, तर उपचार संपले असे समजावे. जोर लावणे हा यानंतरचा आणि सर्वांत महाग उपचार. त्याने रुतलेला दांडा सुटत नाही, पण हेल्मचे दाते तुटतात. मग एका भागाच्या जागी दोन भागांचे बिल येते आणि जोर लावणारा इसम बिल येण्याआधी जेवायला गेलेला असतो.

निदानाची खरी पद्धत एवढी सोपी आहे, की ती सुचायला अनुभव लागतो. जोडदांडीचा बोल्ट काढून इंजिन केबलपासून मोकळे करावे आणि हाताने डावी-उजवीकडे वळवून पाहावे. इंजिन लोण्यासारखे वळले आणि चाक तरीही हलेना, तर दोष केबलचा, नळीचा किंवा हेल्मचा. चाक मोकळे फिरू लागले आणि इंजिन हाताने वळेना, तर इंजिनाचा स्वतःचा खुंट जाम झाला आहे आणि नवी केबल घातली तरी ती बिचारी सासुरवास भोगेल. दोन्ही जड असतील तर दोन्ही. चाक एकाच बाजूला ओढ घेत असेल, तर हा बहुधा प्रोपेलरच्या फिरण्याचा परिणाम असतो. त्यासाठी इंजिनाखाली एक छोटा पंख असतो, तो किंचित वळवून ओढ कमी करता येते. हा पंख माहीत नसल्यामुळे निरोगी केबलींनाही निवृत्त केले गेले आहे.

केबल बदलायची असे ठरले, की प्रश्न लांबीचा. केबली एकेका फुटाच्या फरकाने मिळतात. जुन्या केबलच्या आवरणावर क्रमांक छापलेला असतो आणि पुष्कळदा त्याचे शेवटचे दोन आकडे म्हणजे फुटांतली लांबी. ऊन आणि मीठ यांनी क्रमांकातले बाकीचे आकडे शाबूत ठेवून नेमके हेच दोन पुसलेले असतात. मग टेप घ्यावी. फिरत्या हेल्मच्या केबलचे नुसते आवरण मोजावे, त्यात 18 इंच मिळवावेत आणि पुढचा पूर्ण फूट धरावा. आवरण 11 फूट 8 इंच भरले, तर बेरीज 13 फूट 2 इंच होते. म्हणजे 14 फुटांची केबल. किनाऱ्यावर टेप नसेल तर दोरीने मोजतात, दोरी नसेल तर हाताने. हात ज्याचा असतो तो केबल आणायला जात नाही, आणि जो जातो त्याचा हात आखूड असतो.

आखूड केबल निरुपयोगी. फार लांब केबलला वळसे द्यावे लागतात आणि तिथे दुसरा नियम आडवा येतो: वळणाची त्रिज्या 8 इंचांपेक्षा कमी नसावी. म्हणजे सर्वांत तंग वळणही घरातल्या मोठ्या परातीएवढे हवे. तांब्याएवढ्या वळणात कोंबलेली नवी केबल पहिल्या दिवसापासून जुनीसारखी जड फिरते आणि दुकानदाराने जुना माल खपवला अशी सर्वांची खात्री होते. हवी ती केबल मालवणात नसली तर ती मुंबईहून किंवा गोव्याहून मागवावी लागते. ती येईपर्यंतच्या दिवसांत बोटीभोवती सल्लागार मंडळ स्थापन होते.

या मंडळाचे घटक ठरलेले आहेत. पहिला, स्कूटर दुरुस्त करणारा. त्याच्या मते हे क्लच वायरचेच काम आहे, फक्त लांब. दुसरा, गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी, ज्याचा मेव्हणा गोदीत असतो. तिसऱ्याची स्वतःची बोट हायड्रॉलिक स्टिअरिंगची असते. त्या पद्धतीत केबलच्या जागी तेल असते, मोठ्या इंजिनांना ती खरोखर योग्य असते, आणि तिचे सील गळू लागेपर्यंत तिचा मालक इतरांची कीव करतो. चौथा काहीच बोलत नाही. शेवटी फक्त "माका म्हायत होता," एवढे म्हणतो. काम करणारा पाचवा असतो. पाना मागितला की पहिले चार त्याला मत देतात.

जुनी केबल काढण्याच्या कामात एकच शत्रू असतो: नळीत रुतलेला दांडा. नळीच्या तोंडावरचा मोठा नट सोडवावा, गंज सोडवणारे तेल फवारावे आणि रात्रभर थांबावे. थांबण्याची ही पायरी सगळ्या पुस्तकांत असते आणि कुठल्याच किनाऱ्यावर नसते. दुसऱ्या दिवशी दांड्याच्या टोकाला नळीपेक्षा बारीक धातूची कांब लावून तिच्यावर ठोके द्यावेत. थेट दांड्यावर हातोडा घातला, तर त्याचे टोक अळंबीसारखे पसरते. मग जो दांडा आधी बाहेर येत नव्हता, तो आता येऊच शकत नाही. नळी तापवूनही दांडा सुटतो, पण बोटीत पेट्रोलची टाकी असते. तापवण्याआधी टाकी आणि तिच्या नळ्या दूर न्याव्यात, हवा खेळू द्यावी आणि सल्लागार मंडळातल्या विडीकऱ्यांनाही दूर, पण वेगळ्या दिशेला न्यावे.

हेही चालले नाही तर नळीच काढून बदलावी लागते. दांडा सुटला तरी आणखी एक गंमत उरते. तो सरळ आणि ताठ असतो, त्याला नळीतून बाहेर यायला तेवढीच सरळ मोकळी जागा हवी, आणि काही बोटींत तिथे फायबरची भिंत असते. इंजिन कलवून उपयोग नाही, कारण ते ज्या नळीभोवती कलते तीच ही नळी. ती जागची हलत नाही. अखेर इंजिनाचे बोल्ट सैल करून ते अख्खे चार बोटे वर उचलावे लागते. केबल बदलायला इंजिन उतरवणे म्हणजे पायातला काटा काढायला माणसाला झाडावर टांगणे. पण भिंत बांधणारा आणि केबल बदलणारा यांची आयुष्यात कधी भेट होत नसल्यामुळे ही प्रथा टिकून आहे.

आता हेल्मचे टोक सोडवावे. नव्या पद्धतीत एक खटका दाबला की केबल सुटते. जुन्यात बोल्ट असतात आणि त्यांतला एक हमखास असा, की तिथे पोचायला डॅशबोर्डखाली उताणे झोपून, छातीवर टॉर्च ठेवून, डाव्या हाताने न पाहता काम करावे लागते. पाना या अवस्थेत तोंडावर पडतो. केबल सुटली, की तिला मागे ओढण्यापूर्वी तिच्या हेल्मकडच्या टोकाला एक मजबूत दोरी बांधावी. जुनी केबल निघताना दोरी तिच्या मागोमाग बोटीच्या काठाखालच्या बोगद्यातून येते आणि पुढे त्याच दोरीने नवी केबल आत ओढता येते. संपूर्ण कामातली ही सर्वांत स्वस्त पायरी. जुनी केबल निघाल्याच्या आनंदात ती विसरली जाते आणि केबल वाळूवर पडल्यावर सर्वांना एकाच क्षणी आठवते.

दोरी नसलेल्या बोगद्यात मग वाकवलेली तार, पीव्हीसीची पट्टी आणि मोबाइलचा उजेड पाठवला जातो. आत थ्रॉटलची केबल, गिअरची केबल आणि बॅटरीच्या वायरी आधीपासून राहत असतात व नव्या भाडेकरूला सहज जागा देत नाहीत. तार दुसऱ्या टोकाला निघते तेव्हा तिच्यासोबत वेफर्सचे पाकीट, एका पर्यटकाचा चष्मा आणि गेल्या हंगामात हरवलेला 10 नंबरचा पाना निघतो. ज्याच्यावर तो पाना नेल्याचा आरोप होता, त्याची माफी कुणी मागत नाही.

नवी केबल बसवण्याआधी नळी आतून स्वच्छ केली पाहिजे. दांड्यासोबत आलेला गंज हा सगळा गंज नव्हे. बारीक गोल ब्रश किंवा सळईला गुंडाळलेले फडके केरोसीनमध्ये भिजवून ते स्वच्छ निघेपर्यंत फिरवावे. ही पायरी वगळली, तर नवा दांडा जुन्या घाणीत नांदू लागतो आणि पुढच्या वर्षी हाच लेख पुन्हा वाचावा लागतो. मग दांड्याला पाण्यात टिकणारे ग्रीस हात न आखडता लावावे, तो नळीत सरकवावा, नट आवळावा. पुढच्या टोकाला केबल हेल्ममध्ये घालून चाक फिरवले, की दाते गाभा आत ओढून घेतात. शेवटी जोडदांडी. तिच्या नटांमध्ये नायलॉनचे कडे असते, त्यामुळे ते थरथरीने सैल होत नाहीत. पण एकदा काढले की त्यांची पकड कमी होते, म्हणून इथे नवेच नट वापरावेत. वाचलेले पैसे आणि निसटलेला नट यांतला दुसरा भर पाण्यात मिळत नाही.

काही हेल्मांत केबल दोन बाजूंनी घालता येते. चुकीच्या बाजूने घातली तर यंत्रणा अगदी सुरळीत चालते, फक्त उलटी: चाक उजवीकडे, बोट डावीकडे. म्हणून चाचणी जमिनीवरच करावी. पुढे तोंड करून चाक उजवीकडे फिरवले, की मागचा प्रोपेलरही उजवीकडे सरकला पाहिजे. चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, तसेच इंजिन खाली-वर करून, केबल कुठे ताणत किंवा अडकत नाही ना, तेही पाहावे. विनोद इथे थोडा बाजूला ठेवावा. वेगात असताना स्टिअरिंग सुटले, तर बोट एकदम गरकन वळते, माणसे बाहेर फेकली जातात आणि बोट त्यांच्याभोवतीच फिरत राहू शकते. म्हणून इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली असावी. ती चाकाला शोभेसाठी टांगलेली नसावी.

पाण्यातली पहिली फेरी ही या कामाची खरी परीक्षा, पण ती केबलची नसते. चालक सवयीने उभा राहतो, पाय टेकवतो आणि तीन हंगामांची कमावलेली ताकद लावून चाक फिरवतो. नवी केबल दोन बोटांच्या जोरावर चालत असल्यामुळे बोट जागच्या जागी पिंगा घालते. बाकांवरचे पर्यटक किंचाळतात आणि हा कार्यक्रम पॅकेजमध्ये असावा असे समजून टाळ्याही वाजवतात. चालकाचे मत मात्र प्रतिकूल असते: स्टिअरिंगला आता वजन राहिलेले नाही, जुने बरे होते. हे मत आठवडाभर टिकते. दंड उतरायला थोडा जास्त वेळ लागतो.

यापुढचे सर्व देखभालीत मोडते आणि ते तीन ओळींत संपते. हंगामात अधूनमधून, आणि बोट वर ओढताना नक्की, चाक अशा बाजूला पूर्ण फिरवावे की दांडा नळीच्या आत जाईल. बाहेर राहिलेला भाग पुसावा. निपलमधून ग्रीस भरावे. क्रमही हाच हवा, कारण दांडा बाहेर असताना आत ग्रीस दाबून भरले, तर परतीची वाट त्या ग्रीसनेच अडते आणि स्टिअरिंग जागीच लॉक होते. या सगळ्याला दहा मिनिटे लागतात. मेअखेरीस आभाळ भरून आलेले असते, बोट ओढायला माणसे जमलेली असतात, ग्रीसगन घरी असते. दहा मिनिटांचे काम उद्यावर टाकणे कुणालाही सोपे जाते.